शेळीला पुनव कळायची

रुपालीच्या कानाला दार नव्हतं. गल्लीत कुणी खाकरलं, कुणी नळावर बादली आपटली, की तो आवाज सरळ आत जायचा, घशात कुठंतरी बसून राहायचा आणि वेळ आली की जसाच्या तसा बाहेर पडायचा. घड्याळं दुरुस्त करणारे बाबाजानचाचा "उद्या या" म्हणण्याआधी तीनदा खाकरत. तिसरं खाकरणं लांबलं की समजायचं, उद्या नाही, परवा. किराणावाले वैजनाथशेठ गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत "संपलं" म्हणून मोकळे. आणि विहाराच्या मंडळाचे सेक्रेटरी एकदा माईक हातात आला की जिथं तिथं 'या ठिकाणी' पेरत सुटायचे. "या ठिकाणी सर्वांनी या ठिकाणी बसून घ्यायचंय." रुपालीनं हे नळावर करून दाखवलं त्या दिवशी बायकांच्या घागरी भरून वाहत राहिल्या.

गल्ली नगरातलीच, केडगावकडून शहरात शिरताना उजव्या हाताची. एका तोंडाला मशीद, दुसऱ्या तोंडाला मारुती, आणि मधोमध निळ्या फाटकाचं, पंचरंगी झेंड्याचं विहार. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड सोडून इथं राहिलेली घरं होती, घरात तेलुगू बोलणारे विणकर होते, मुसलमानांची आठ-दहा घरं होती, बौद्धांची पंधरा-वीस. कुणाचंही लग्न असो, मांडव चौघांच्या दारांवरून जायचा. भांडणं व्हायची ती पाण्यावरून आणि दारात लावलेल्या गाड्यांवरून. "आमच्या गल्लीत तसलं काही नाही बघा," असं रुपालीची आई सविता पाहुण्यांना सांगायची. हे वाक्यही रुपालीला पाठ होतं, आईच्या तिरक्या मानेसकट.

पण तिचा सगळ्यात लाडका आवाज बायडाबाईंचा.

बायडाबाई विहाराच्या मागच्या खोलीत राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन जमाना झालेला, मुलगा पुण्याला. रोज संध्याकाळी पांढरी साडी नेसून वंदना सांगायच्या आणि मग विहाराच्या पायरीवर येऊन बसायच्या. मुलींच्या एका वसतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दीडशे पोरींचं रांधायचं, भट्टीच्या भणभणाटावरून ओरडून बोलायचं, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही तीन घरं पलीकडे ऐकू जाई. त्यात प्रत्येक वाक्याआधी त्या एक मोठा श्वास आत ओढायच्या, चुलीवरचं भरलं पातेलं उचलायला बाई ओढते तसा, आणि वाक्याच्या शेवटी ते पातेलं खाली ठेवल्यासारखा सोडायच्या. "ह्ह... लई ऊन हाय गं पोरी."

रुपाली कॉलेजातून आली की पायरीवर त्यांच्या शेजारी टेकायची. म्हातारीला वाटायचं, पोरगी गुणाची, ऐकून घेते. त्याही सांगत बसायच्या. वसतिगृहात लागल्या तेव्हा अकरा वर्षं त्यांना नुसती भांडी दिली होती. चुलीला हात लावायचा नाही, पोरींच्या आईबापांना चालायचं नाही. मग दहावीच्या पेपराच्या दिवशी स्वयंपाकीण आली नाही आणि बाईंनी, म्हणजे वसतिगृहाच्या मोठ्या बाईंनी, गुपचूप यांना चुलीपुढं बसवलं. त्या दिवसापासून भात-आमटी यांच्या हातची. मात्र स्वयंपाकघराचं दार लावून. वाढायला दुसरी बाई. "ह्ह... माझ्या हातची चव समद्यांच्या तोंडात, आन मी दाराआड."

हे सांगताना त्यांचा 'दाराआड' असा काही खोल जाई की रुपालीच्या अंगावर शहारा यायचा. केवढा सुंदर आवाज. घरी जाऊन आरशापुढं तिनं तो वीस वेळा काढून पाहिला होता. दार कसलं, आड का, एवढी वर्षं बसायला लागलं म्हणजे किती, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

वैशाखातली पुनव आली. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर करायची आणि सगळ्यांना वाढायची, ही इथली जुनी रीत. जे येतील त्यांना विहारात, जे येणार नाहीत त्यांच्या दारात डबा. डबा बायडाबाई स्वतः घेऊन जायच्या, एकेक घर करत, कुणाच्या हाती पाठवायच्या नाहीत. या वर्षी सेक्रेटरींनी रुपालीला गाठून सांगितलं, की वंदना झाल्यावर खीर निवेपर्यंत लोक चुळबुळतात, तेव्हा तिनं पंधरा मिनिटं नकला कराव्यात. रुपालीला आभाळ ठेंगणं झालं. खरा माईक, खरं पब्लिक. घरी मात्र तिनं मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगितलं. आपण का खोटं बोललो, याचा तिनं विचार केला नाही. जिभेला माहीत होतं.

ती सोळा वर्षं त्या फाटकावरून गेली होती, पायरीवर तासन् तास बसली होती, आणि आत मात्र पहिल्यांदाच आली. कुणी कधी अडवलं नव्हतं. बाहेर मेच्या उन्हात चपलेतूनही पाय भाजत होते आणि आतली फरशी माठासारखी गार. समोर संगमरवरी मूर्ती, डोळे खाली झुकलेले. बाजूला बाबासाहेबांचा फोटो, मोगऱ्याचा हार, मेणबत्त्यांचा वास. पांढऱ्या साड्यांच्या रांगा. दाराशी तेलुगू बोलणाऱ्या मावश्या होत्या आणि त्यांच्याजवळ मेहताबचाची, आपल्या धाकट्या सुमैराला मांडीवर घेऊन. चाची दर वर्षी यायच्या म्हणे. रुपालीला हे माहीतच नव्हतं.

वंदना झाली. तिनंही हात जोडले. शब्द कळले नाहीत, पण बायडाबाईंचा प्रत्येक ओळीआधीचा श्वास तिनं मोजला. शेवटी सगळ्यांनी मिळून तीनदा "साधु" म्हटलं आणि रुपालीच्या हातात माईक आला.

सुरुवात तिनं सेक्रेटरींपासूनच केली. दुसऱ्या 'या ठिकाणी'लाच लोकांनी टाळ्या दिल्या आणि सेक्रेटरींनी लाजून चष्मा पुसला. मग बाबाजानचाचांचं खाकरणं, वैजनाथशेठांचं "संपलं", पोलिओचा डोस पाजायला येणाऱ्या सिस्टरबाई. मेहताबचाची डोळ्यांतलं पाणी पुसत होत्या. मागून कुणी तरी म्हणालं, बायडाबाईंची कर की.

बायडाबाई मागच्या पडवीच्या दारात, खिरीच्या मोठ्या पातेल्यापाशी डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नको नको म्हणत पदर तोंडाला लावला, म्हणजे करच. रुपालीनं कंबर वाकवली, हातात डबा असल्यासारखा धरला, आणि पातेलं उचलणारा तो श्वास ओढला.

"ह्ह... सविता, हायस का? पुनवेची खीर आणलीया."

हॉल फुटला. इतकं हुबेहूब, की सुमैरा वळून वळून खऱ्या बायडाबाईंकडं बघायला लागली. आणि दारात बायडाबाई आल्यावर आतून आई यायलाच हवी. रुपालीनं मान तिरकी केली.

"अगंबाई, या ना आत. एवढ्या उन्हाचं कशाला त्रास घेता? आत्ता नको बाई, आत्ताच जेवलोय, संध्याकाळी खाऊ आवडीनं. थांबा, रिकामा डबा कसा देऊ तुम्हाला." मग साखरेच्या बरणीचं झाकण, डब्यात पडणाऱ्या साखरेचा खस् असा आवाज, "जयभीम हं", आणि दाराची कडी, खट्.

इथं थांबायला हवं होतं. पण रुपालीच्या कानात ते गाणं इथं संपतच नव्हतं. लहानपणापासून तिनं ते दर वर्षी एका दमात ऐकलं होतं. कडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं तिला कधी वेगळं वाटलंच नव्हतं. तिनं आवाज खाली आणला आणि माईक आपसूक तोंडाजवळ गेला.

"रुपे, जा, मेहताबच्या शेळीला टाकून ये. आणि पातेलं बाहेरच घास."

हसणं एकदम बंद झालं नाही. पुढच्या रांगेतली लहान पोरं अजून हसत होती, कारण शेळी हा शब्द त्यांना आवडला. मग तीही गप्प झाली. छताचा पंखा कुरकुरत होता. सुमैरानं आईच्या कानात काहीतरी विचारलं आणि मेहताबचाचींनी तिचं तोंड हातानं झाकलं. सेक्रेटरींनी माईक परत घेतला, उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'या ठिकाणी' सुचलं नाही.

बायडाबाईंचा पदर अजून तोंडावरच होता. त्यांनी तो खाली घेतला. त्यांनी श्वास आत ओढला, सगळ्यांना ऐकू आला, पण पाठोपाठ वाक्य आलं नाही. त्या वळून खीर ढवळायला लागल्या. खीर चुलीवरून उतरवून अर्धा तास झाला होता.

"वाट्या घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

रुपालीला पळून जायचं होतं. पण रांग तिच्या मागं-पुढं उभी राहिली आणि ती ढकलली गेली पातेल्यापर्यंत. बायडाबाईंनी तिची वाटी इतरांइतकीच भरली, काठोकाठ, आणि तिच्याकडं न बघता पुढच्या वाटीकडं डाव नेला. खिरीत वेलदोडा होता, खोबऱ्याचे बारीक काप होते. दहा वर्षं ही खीर आपण पातेल्यातून शेळीपर्यंत नेतोय आणि ती कशी लागते हे आपल्याला ठाऊक नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. पहिला घास घशाशीच राहिला, जिथं ती सगळ्यांचे आवाज ठेवायची तिथं.

घरी आई फरशी पुसत होती. वडील, भागवत, टेम्पो घेऊन कोपरगावला गेलेले. मैत्रिणीकडं काय केलं, असं आईनं विचारलं, रुपाली काहीच नाही म्हणाली आणि कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली. सांगून टाकावं, आत्ताच सांगावं, असं ती स्वतःला बजावत होती. एकदा मनात आलं की आज डबा येणारच नाही. सगळ्या गल्लीत फिरेल आणि आपल्या दारावरून पुढं जाईल. मग आई विचारेल, का गं, आपल्याला कसा नाही?

चपला वाजल्या. मग तो श्वास.

"ह्ह... सविता, हायस का? पुनवेची खीर आणलीया."

आईनं ओले हात पदराला पुसले, मान तिरकी केली.

"अगंबाई, या ना आत. एवढ्या उन्हाचं कशाला त्रास घेता?"

शब्द न् शब्द तोच. आत्ताच जेवलोय, तेही. आवडीनं खाऊ, तेही. रुपाली आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि आपणच तासाभरापूर्वी केलेली नक्कल आता तिच्यापुढं कुणीतरी करून दाखवत होतं. फक्त हसायला कुणी नव्हतं. आईनं खीर आपल्या पातेल्यात ओतून घेतली, डबा विसळला, साखरेची बरणी उघडली. बायडाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांची नजर आईच्या खांद्यावरून रुपालीवर आली, थांबली. तीत राग असता तर बरं झालं असतं. ती नजर, वर्गातल्या बाई चुकलेल्या पोरीकडं बघून फळ्याकडं वळतात तशी, परत साखरेकडं वळली.

"जयभीम हं," आई म्हणाली. कडी लागली, खट्.

आई वळली, पातेलं पुढं केलं. तिनं तोंड उघडायच्या आत रुपाली म्हणाली, "आई, बोलू नको."

मग तिनं सांगितलं. विहार, माईक, नकला, कडी, आणि कडीच्या पलीकडचं. आई आधी हसली, कारण तिला गंमत वाटली. मग तिनं विचारलं, कुणाकुणापुढं. रुपालीनं सगळ्यांची नावं घेतली. मेहताबचाचींचं नाव आल्यावर आईनं हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं.

"तू माझा आवाज काढलास?"

"हो."

"आणि ती त्यानंतर इथं आली? आत्ता? मी ते सगळं तिच्यापुढं परत बोलले?"

रुपालीनं मान हलवली. आई भिंतीला टेकून खाली बसली. मग ती सांगू लागली, सांगत होती कुणाला कोण जाणे, की लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं पातेलं हातात देऊन शेळी दाखवली होती, आणि नव्या सुनेनं का म्हणून विचारायचं नसतं. सासू जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, तरी पाय आपोआप तिकडंच वळत होते. पाय म्हणजे रुपालीचे. बोलता बोलता तिची शहरी भाषा गळून पडली. "आता नळावर कशी जाऊ गं मी? कंचं तोंड घिऊन जाऊ?"

पातेलं रात्रभर ओट्यावर होतं, ताटलीखाली झाकलेलं. ते कुणी खाल्लं नाही, कुणी टाकलं नाही.

सकाळी रुपाली विहाराच्या मागं गेली. बायडाबाई उकिडव्या बसून खिरीचं मोठं पातेलं राखेनं घासत होत्या. रुपाली समोर जाऊन उभी राहिली आणि तिला कळलं, की माफी मागायला लागतो तो आवाज आपल्याकडं नाही. सगळ्या गल्लीचे आहेत, आपला असा नाही. "आजी," एवढंच निघालं.

बायडाबाईंनी काथ्याची एक गुंडी तिच्याकडं टाकली. तिनं पातेल्याची दुसरी बाजू घासायला घेतली.

बराच वेळ नुसती राख वाजत होती. मग म्हातारी म्हणाली, "माझी केलीस ती झ्याक झाली. माझा सोर असा हाय हे मला ठावंच नव्हतं."

"आजी, मी मुद्दाम नाही केलं. ते आपोआप..."

"मला नवं न्हवतं त्यात काय. तू पोटात हुतीस तवापासनं ठावं हाय मला. मेहताबची शेळी पुनवेच्या दुपारी तुमच्या दारात यिऊन हुबी ऱ्हायाची. दुसऱ्या कंच्या दुपारी न्हाई. पुनव तिला बी कळायची." त्या जराशा हसल्या. "ती म्हातारी शेळी मेली, मंग तिची लेक, ती पाट. तिला बी शिकिवलंन."

रुपालीला हसू आलं नाही. तिनं विचारलं, माहीत होतं तर मग दर वर्षी डबा का आणायचा.

बायडाबाईंनी हात थांबवला. या वेळी श्वास ओढला नाही. हळू बोलल्या, इतक्या हळू की रुपालीला पुढं वाकावं लागलं.

"समद्या घरांत डबा जातो आन एका घरात न्हाई गेला, तर गल्ली इचारंल का. मंग मला सांगावं लागंल. तुजी आई वाईट न्हाई गं. मागं मी पडले तवा रिक्षात घालून दवाखान्यात तिनंच नेलंतं, माझं डोस्कं मांडीवर घिऊन. येवढं येक तिला जमत न्हाई. सासूनं लावल्यालं वळण. म्हनलं असू दे, ऱ्हाऊ दे झाकल्यालं. सोळा वर्सं मी तिची लाज झाकीत हुते, आन काल तू ती माईकवर नेलीस." त्यांनी पुन्हा घासायला घेतलं. "माझं काय न्हाई गेलं, पोरी. मी दाराआड लई बसलीया. तुझ्या आईचं गेलं."

दाराआड. तोच शब्द, तसाच खोल. रुपालीला पायरीवरची ती सगळी गोष्ट पुन्हा ऐकू आली, आणि या वेळी आवाजाखालचे शब्द ऐकू आले: अकरा वर्षं भांडी, बंद दार, पलीकडं जेवणाऱ्या दीडशे पोरी. ती वीस वेळा आरशापुढं काढलेली नक्कल आठवून तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली. राखेनं भरलेले हात तिनं तोंडावर नेले आणि गाल काळे झाले.

"रडू नगं," बायडाबाई म्हणाल्या. "येक सांग. पुढल्या वर्साला मी काय करू? डबा आनू का नगं? आता समद्यांना ठावं झालंया. आनला तर तिला टोचंल, न्हाई आनला तरी टोचंल."

रुपालीनं खाली पडलेला काथ्या पुन्हा उचलला.

घरी आई तशीच बसलेली. नळाची वेळ होऊन गेली होती, हंडे रिकामे होते. ओट्यावरची खीर आंबून तिचा वास सुटला होता. रुपालीनं हातपाय धुतले आणि समोर बसून सगळं सांगितलं, सरळ, सपाट, बातम्या वाचल्यासारखं. शेळीचं सांगितलं, दवाखान्याचं, लाज झाकल्याचं. शेवटचं विचारलेलंही सांगितलं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "असं नको. तिच्या आवाजात सांग."

"आई, मी आता कुणाचे आवाज..."

"तिच्या तोंडून ऐकायला मी जाऊ शकत न्हाई. तू सांग. जसं ती बोलली तसं."

रुपालीनं डोळे मिटले. पातेलं उचलायचा श्वास घेतला नाही, कारण बायडाबाईंनी घेतला नव्हता. हळू आवाजात, राखेच्या आवाजाइतक्या, ती म्हणाली, "पुढल्या वर्साला मी काय करू? डबा आनू का नगं?"

आईनं डोक्यावरून पदर घेतला. घरात म्हाताऱ्या माणसापुढं घेतात तसा, पार कपाळापर्यंत. तिची मान या वेळी तिरकी झाली नाही, खाली गेली.

"आनू नका," ती म्हणाली. "मी येते तिकडं. वाटी घिऊन, रांगेत."

मग तिनं ओट्यावरचं पातेलं उतरवलं, आंबलेली खीर मोरीत ओतली आणि ते घासायला बसली. बाहेर नेलं नाही. घरातच, मोरीत. रुपाली बघत उभी होती. आईचा तो 'येते' तिच्या कानात गेला होता, पण घशापर्यंत तिनं तो येऊ दिला नाही.